डॅन ब्रूथर्सची 0.342 ही सरासरी कशी वाचावी

कॅप अ‍ॅन्सनच्या नावावर तीन हजारांच्या घरात हिट (फलंदाजाला बेस गाठून देणारे यशस्वी फटके) असताना डॅन ब्रूथर्सला एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी बेसबॉलचा सर्वोत्तम फलंदाज का मानावे, असे आपण विचारले आहे. मी ब्रूथर्सच्याच बाजूचा आहे. मात्र त्याचे कारण केवळ त्याची 0.342 ही कारकिर्दीची सरासरी नव्हे. बेसबॉलमधील ही सरासरी धावांची नसते; हजार अधिकृत संधींमागे किती हिट मिळाले, एवढेच ती सांगते. अ‍ॅन्सनची सरासरी 0.334 च्या आसपास आहे, म्हणजे वरवर पाहता दोघांत फारसे अंतर नाही.

अडचण अशी की त्या काळात खेळाचे नियमच स्थिर नव्हते. 1893 मध्ये पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) जागा मागे नेऊन 60 फूट 6 इंचांवर ठरवली गेली आणि फलंदाजांचे एकदम फावले. 1892 मध्ये नॅशनल लीग या प्रमुख व्यावसायिक लीगची एकूण सरासरी 0.245 होती, त्या वर्षी ब्रूथर्सने 0.335 च्या सरासरीने अव्वल क्रमांक मिळवला. दोनच वर्षांनी, बाल्टिमोरकडून खेळताना, त्याची सरासरी 0.347 झाली, पण तोवर संपूर्ण लीगच 0.309 वर पोहोचली होती आणि ह्यू डफीने 0.440 ची मजल मारली होती. या दोन हंगामांतला 1892 चाच हंगाम निर्विवादपणे मोठा आहे, आकडा लहान असला तरी.

म्हणून त्या त्या वर्षाच्या लीगमध्येच तुलना करावी. सुदैवाने ब्रूथर्स, अ‍ॅन्सन आणि रॉजर कॉनर हे तिघेही पहिल्या बेसवर खेळणारे आणि 1880 च्या दशकात बहुतांश एकाच लीगमधले. 1882 मध्ये ब्रूथर्स 0.368, अ‍ॅन्सन 0.362, 1883 मध्ये ब्रूथर्स 0.374, कॉनर 0.357, 1885 मध्ये मात्र कॉनरने 0.371 सह ब्रूथर्सच्या 0.359 ला मागे टाकले. खरा फरक फटक्यांच्या ताकदीत दिसतो. हिटमधून मिळालेल्या एकूण बेसची सरासरी, म्हणजे स्लगिंग, घेतली तर 1881 ते 1886 अशी सलग सहा वर्षे ब्रूथर्स नॅशनल लीगमध्ये पहिला होता. एवढे जोरकस फटके मारणारा हा धिप्पाड डावखुरा फलंदाज 1889 च्या संपूर्ण हंगामात फक्त 6 वेळा स्ट्राइकआउट (स्ट्राइक पूर्ण होऊन बाद) झाला, हे मला आजही थक्क करते. लीगच्या सरासरीला 100 मानून मैदानाचा फरकही वजा करणाऱ्या ओपीएस-प्लस (बेसवर पोहोचण्याचे प्रमाण आणि स्लगिंग एकत्र धरणाऱ्या) या मापात ब्रूथर्स 170 च्या आसपास, कॉनर 150 च्या आणि अ‍ॅन्सन 140 च्या थोडा वर आहे.

अ‍ॅन्सनची थोरवी त्याच्या 27 हंगामांच्या सातत्यात आहे आणि ती कमी लेखू नये. तरीही त्याचे आकडे जपून वापरावेत. 1871 ते 1875 ची नॅशनल असोसिएशन ही नॅशनल लीगच्या आधीची लीग धरली तर त्याचे हिट 3,400 च्या वर जातात, न धरली तर ते 3,000 च्या आसपास राहतात. 1887 या एकाच वर्षी वॉकही (खराब चेंडूंमुळे फटक्याविना मिळणारा पहिला बेस) हिट म्हणून मोजले गेले, त्यामुळे त्याची त्या हंगामाची सरासरी जुन्या नोंदींत 0.421 आणि आज 0.347 दिसते. 1884 मधील त्याचे 21 होमरनही (चारही बेस पार करून देणारे फटके) शिकागोच्या त्या मैदानाची देणगी होते, जिथे उजवीकडचे कुंपण 200 फुटांच्याही आत होते. आदल्या वर्षी त्याच कुंपणावरून गेलेला चेंडू फक्त डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, धरला जात असे.

आणखी एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. ‘समकालीन’ म्हणताना आपण फक्त गोऱ्या खेळाडूंची यादी पाहतो. कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवण्यात स्वतः अ‍ॅन्सन आघाडीवर होता. ब्रूथर्स बफेलो सोडून गेल्यावर 1886 ते 1888 या काळात त्याच शहराच्या संघातून, पण एक पायरी खालच्या इंटरनॅशनल लीगमध्ये, फ्रँक ग्रँट हा कृष्णवर्णीय खेळाडू खेळला. त्याला 2006 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधील थोरांच्या सन्मान-यादीत) स्थान मिळाले. परंतु वर दिलेल्या आकड्यांत त्याचा एकही हिट मोजलेला नाही.