जुन्या डीबीएफ फायली आणि लिनक्स: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत बहुतेकांची अडचण एकच आहे: क्लिपर, फॉक्सप्रो किंवा डेल्फी या जुन्या प्रोग्रॅमिंग साधनांत लिहिलेला, वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला प्रोग्रॅम आता लिनक्सवर न्यायचा आहे. यातल्या बऱ्याच प्रोग्रॅमांचा डेटा डीबीएफ फायलींत, म्हणजे ओळी-रकान्यांच्या टेबलांत असतो. सगळ्यांना आधीच एक सांगतो. डेटा वाचवणं आणि प्रोग्रॅम चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिलं काम जास्त मोलाचं आहे. पूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवरच करा.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेचा प्रोग्रॅम क्लिपर ५ मधला आहे. नव्या ६४ बिटी विंडोजवर तो उघडतच नाही. पीआरजी फायली (मूळ कोड) जपून ठेवल्या आहेत. लिनक्सवर काही सोय होईल का? (सांगली)

पीआरजी हाताशी आहेत, म्हणजे तुमचं निम्मं काम झालेलं आहे. ६४ बिटी विंडोजमध्ये १६ बिटी डॉस प्रोग्रॅम चालवणारा भागच नाही, त्यामुळे तिथे कितीही सेटिंगं बदलली तरी उपयोग नाही. तुम्हाला हवा आहे तो हार्बर. क्लिपरची भाषा जशीच्या तशी समजणारा हा मुक्त कंपायलर १९९९ पासून विकसित होत आला आहे. त्याच पीआरजीतून तो लिनक्सचा आणि विंडोजचाही प्रोग्रॅम तयार करतो.

बहुतेक कोड पहिल्याच झटक्यात कंपाइल होतो. अडतं ते पुढे. कोडमध्ये ‘खाते’ हे फाइलचं नाव इंग्रजी लहान लिपीत (लोअरकेस) असतं आणि डिस्कवर तीच फाइल मोठ्या लिपीत (कॅपिटल). डॉसला फरक पडत नव्हता, लिनक्सला या दोन वेगळ्या फायली वाटतात. हार्बरमध्ये फाइलनावं सक्तीने एकाच लिपीत नेणारी सेटिंग आहे, पाथमधली उलटी तिरकी रेघ बदलणारीही आहे. या दोन ओळी मुख्य प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच घाला. चौकटींच्या रेघांच्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर टर्मिनलचं कोडपेज, म्हणजे अक्षरचिन्हांचा तक्ता, ठरवून द्या. एनटीएक्स इंडेक्स (रेकॉर्ड पटकन शोधायच्या क्लिपरच्या सूची) जुने वापरू नका, लिनक्सवर नव्याने बांधा. बाहेरून विकत घेतलेल्या क्लिपर लायब्रऱ्या मात्र जोडता येणार नाहीत, ते भाग पुन्हा लिहावे लागतील.

आणखी एक काळजी घ्या. काही संगणकांवर जुना डॉस प्रोग्रॅम आणि काहींवर नवा, असं एकाच डेटावर चालू ठेवू नका. दोघांची रेकॉर्ड लॉक करायची पद्धत जुळली नाही, तर दोन कारकून एकाच खात्यात एकाच वेळी नोंद करतील आणि कुणाला कळणारही नाही.

प्रश्न: आमच्याकडे फक्त ईएक्सई (तयार प्रोग्रॅमची फाइल) आहे, मूळ कोड नाही. लिहून देणारे गृहस्थ आता हयात नाहीत. पावत्या डॉट मॅट्रिक्सवर निघायलाच हव्यात. डॉसबॉक्स पुरेल का? (इचलकरंजी)

डॉसबॉक्स हा डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा आभासी संगणक खेळांसाठी बनवलेला आहे. छपाई आणि अनेकांनी मिळून फायली वापरणं हा त्याचा प्रांत नाही. तुम्ही लिनक्सवर डॉस चालवणारा डॉसेमू२ वापरून पाहा. लिनक्सचं फोल्डर त्यात थेट ड्राइव्ह म्हणून दिसतं, फाइल लॉकिंग चालतं आणि एलपीटी१ वर (डॉसच्या प्रिंटर पोर्टवर) गेलेला मजकूर लिनक्सच्या छपाईच्या रांगेत जातो. ती रांग ‘रॉ’, म्हणजे मजकूर न बदलता प्रिंटरला देणारी, ठेवा. जुने प्रोग्रॅम बारीक अक्षरांसाठी प्रिंटरला १५ क्रमांकाचा कोड पाठवतात आणि १८ ने पूर्ववत करतात. मधल्या ड्रायव्हरने ते गिळले, की पावतीची ओळ कागदाबाहेर जाते.

हा मार्ग दिवस ढकलण्यापुरता आहे, हे मात्र मनाशी पक्कं असू द्या. डीबीएफची रचना उघड आहे. लिब्रेऑफिस ती फाइल उघडतं. तेव्हा नव्या प्रोग्रॅमची तयारी आत्ताच सुरू करा.

प्रश्न: कचेरीतली जुनी मराठी नावं लिनक्सवर उघडली की टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसतात. डेटा खराब झाला का? तेव्हा संगणकात जिस्ट कार्ड होतं. (सोलापूर)

खराब झालेला नाही, धीर धरा. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे डॉसवर मराठी दिसायची आणि मजकूर साठायचा तो इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात. त्याचं मानक आयएस १३१९४, १९९१ सालचं. त्यात प्रत्येक अक्षराला एक बाइट.

आधी खात्री करून घ्या. ‘किसन’ नावाचं एखादं रेकॉर्ड शोधा आणि त्याचे बाइट ओडी या आज्ञेने दशमान आकड्यांत पाहा. १७९, २१९, २१५, १९८ असा क्रम दिसला तर तो इस्कीच: क, मग वेलांटी, मग स, न. आधी वेलांटी आणि मग क असा क्रम दिसला, तर मजकूर एखाद्या फॉन्टच्या संकेतात आहे. मग त्या फॉन्टचाच परिवर्तक शोधावा लागेल, कारण अशा प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी.

इस्की असेल तर आयसीयू या मुक्त लायब्ररी-संचातली यूकॉन्व्ह आज्ञा त्याचं युनिकोड करून देते. पण पूर्ण डीबीएफ तिच्यात घालू नका! डीबीएफमध्ये प्रत्येक रकान्याची रुंदी बाइटांत ठरलेली असते आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. ३० बाइटांच्या नावाच्या रकान्यात मग जेमतेम १० चिन्हं मावतील, त्यातही काने-मात्रे वेगळे मोजले जातात. आधी रकाने वेगळे काढा, त्यातला मजकूर बदला आणि तो पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट या मुक्त डेटाबेसमध्ये भरा.

भरून झाल्यावर ‘कुऱ्हाडे’ असं एखादं आडनाव शोधून पाहा. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलंत लावून, किंवा साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. भरतानाच सगळे एका रूपात आणा. एखाद्या निवृत्त माणसाचं नाव यादीत सापडलं नाही म्हणून त्याला परत पाठवलं जाणं मला फार लागतं, आणि ते टाळणं आपल्याच हातात आहे.

प्रश्न: व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चा प्रोग्रॅम वाइनवर चालवावा का? (नाशिक)

वाइन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारी सोय. त्यावर तो चालतो, बऱ्यापैकी चालतो. प्रोग्रॅम ३२ बिटी आहे, तेव्हा वाइनही तशाच तयारीचं हवं, आणि रनटाइमच्या (प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या फॉक्सप्रोच्या फायलींच्या) परवान्यातल्या अटी आधी वाचून घ्या. रिपोर्ट बिघडले तर रिपोर्टबिहेवियर ही सेटिंग ९० ऐवजी ८० करून पाहा. त्याने जुनी छपाईपद्धत वापरली जाते आणि बरेचदा तेवढ्याने भागतं.

पण मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती काढणार नसल्याचं २००७ मध्येच जाहीर केलं आणि २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही संपला. एका टेबलाची २ जीबीची मर्यादाही आहेच. मी तुमच्या जागी असतो तर डेटा आधी लिनक्स सर्व्हरवरच्या पोस्टग्रेसमध्ये हलवला असता आणि पडदे काही काळ फॉक्सप्रोचेच ठेवून ओडीबीसी या डेटाबेसला जोडणाऱ्या दुव्याने जोडले असते. पोस्टग्रेसमध्ये डेटा भरणारा पीजीलोडर डीबीएफ थेट वाचतो. फक्त रिकाम्या तारखा ‘नल’ (म्हणजे मूल्य नाही) झाल्या का ते तपासा. रकान्यात न मावलेल्या रकमांच्या जागी फॉक्सप्रोने फुल्या भरलेल्या असतात, त्याही शोधा. त्या रकमा मूळ कागदांवरूनच पुन्हा घालाव्या लागतात.

प्रश्न: डेल्फीचा प्रोग्रॅम, पॅराडॉक्स टेबलं. कायलिक्स शोधू का? (पणजी)

नको. बोरलँडचं कायलिक्स, म्हणजे लिनक्ससाठीचं डेल्फी, २००१ मध्ये आलं, २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर थांबलं. डेल्फीसारखंच मुक्त साधन लॅझरस घ्या, डेल्फीचे प्रकल्प बदलून देणारी सोय त्यातच आहे. पॅराडॉक्स टेबलं वाचणारा बोरलँडचा बीडीई लिनक्सवर नाही, म्हणून टेबलं फायरबर्ड या मुक्त डेटाबेसमध्ये न्या. विकतचे रिपोर्ट घटक वापरले असतील तर ते काम वेगळं धरा, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

प्रश्न: डीबीएफ फायली सांबा सर्व्हरवर ठेवल्यापासून इंडेक्स वारंवार मोडतात. (पुणे)

सांबा म्हणजे लिनक्सवरून विंडोजला फायली पुरवणारा प्रोग्रॅम. तो विंडोजच्या यंत्रांना फाइलचे भाग स्वतःजवळ धरून ठेवू देतो, त्याला ऑपलॉक म्हणतात. सामायिक डीबीएफसाठी हे घातक आहे. डीबीएफ, सीडीएक्स, एफपीटी, एनटीएक्स या सगळ्या फायली सांबाच्या ‘व्हेटो ऑपलॉक’ या (ऑपलॉक बंद ठेवायच्या) यादीत टाका, लहान आणि मोठ्या दोन्ही लिपींत. मग सगळ्यांना बाहेर पडायला सांगून सांबा पुन्हा सुरू करा आणि इंडेक्स एकदा नव्याने बांधा.