वाचक विचारतात : शाळांचे मेल आयडी कुठनं काढायचे?

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं सोलापुरात अक्कलकोट रोडला शाळेच्या युनिफॉर्मचं युनिट आहे. आजवर वडील बॅगेत सॅम्पल घालून कर्नाटक, तेलंगणापर्यंत फिरायचे, आता मार्केटिंग मी बघतो. मित्रानं क्रोमला एक एक्स्टेंशन टाकून दिलं, कुठलीपण वेबसाइट उघडली की बाजूला त्या ठिकाणचे मेल आयडी दिसतात. पण शाळांच्या साइटवर निम्म्या वेळा काहीच सापडत नाही, आणि जे सापडतात त्यातले बरेच मेल परत येतात. पैसे भरून मोठा प्लॅन घ्यावा म्हणतोय, तर वडील म्हणतात तेवढ्यात माझ्या दोन ट्रिपा होतील. काय करू?

उत्तर : सध्या तरी वडलांचं ऐका. आणि मी हे टूलच्या विरोधात बोलत नाही बरं का, मी स्वतः वापरते, पण हे टूल आत काय करतं ते कळलं की पैसे कुठं घालायचे ते आपोआप कळतं.

तुम्ही साइट उघडता तेव्हा एक्स्टेंशन त्या पानावर फार शोधाशोध करत नाही, ते फक्त साइटचं नाव घेतं आणि आपल्या कंपनीच्या सर्व्हरला विचारतं की या नावाचे कुठले पत्ते तुझ्याकडं आहेत. तिथं आधीच इंटरनेटवरची पानं चाळून साठवलेली यादी असते. हंटरसारखं टूल पत्ता कुठल्या पानावर सापडला तेपण दाखवतं, तेवढं नेहमी बघत जा, कारण चार वर्षांपूर्वीच्या पानावर सापडलेला पत्ता म्हणजे बहुतेक सोडून गेलेला माणूस. आणि नेमका माणूस यादीत नसला की टूल अंदाज लावतं, म्हणजे त्या ऑफिसातले बाकीचे पत्ते नाव, टिंब, आडनाव असे असतील तर यांचापण तसाच असणार. अमेरिकेतल्या कंपनीत हे बऱ्यापैकी जमतं. आपल्याकडं कोण आडनाव आधी लिहितं, कोण नुसती इनिशियल, आणि आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू आडनावं इंग्रजीत लिहायची म्हटली तर एकाच घरात तीन स्पेलिंग निघतात, तिथं मशीन काय डोंबल अंदाज लावणार! त्यात शाळेचा मेल म्हणजे बहुतेक जीमेल, तोपण कॉम्प्युटरच्या सरांनी कधीतरी काढून दिलेला. शाळेच्या साइटच्या नावाशी त्याचा संबंधच नाही म्हटल्यावर एक्स्टेंशन हात वर करणारच. मोठा प्लॅन घेतलात तरी तेच होणार, फक्त पैसे भरून होणार.

आता फुकटातलं सांगते. सीबीएसईच्या प्रत्येक शाळेला आपल्या साइटवर मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर नावाचं पान ठेवावं लागतं. त्यात शाळेचं नाव, अफिलिएशन नंबर, पत्ता, प्रिन्सिपलचं नाव, शाळेचा ईमेल आणि फोन सगळं असतं, आणि ते शाळेनं स्वतः दिलेलं असतं. गुगलवर हेच इंग्रजी शब्द अवतरणचिन्हात टाका, पुढं गावाचं नाव टाका, कलबुर्गी म्हणा विजयपुरा म्हणा. एका संध्याकाळी चहा पीत पीत तीस-चाळीस शाळा सहज होतात, मी करून बघितलंय. स्टेट बोर्डाच्या शाळांना हे चालणार नाही, तिथं साइट उघडून कंट्रोल आणि यू एकदम दाबा, पानाचा कोड उघडतो, त्यात मेलटू (mailto) हा शब्द शोधा. पानावर नुसतं 'संपर्क करा' असं बटण दिसत असतं पण खरा पत्ता त्याच्या मागं कोडात असतो. नेहमी नाही सापडत, पण सापडला तर एक्स्टेंशनच्या अंदाजापेक्षा लाखपट बरा.

परत येणारे मेल मात्र हसण्यावारी नेऊ नका. दोन वर्षांपूर्वी आमच्याच ऑफिसात एका उत्साही मुलानं कुठनंतरी विकत घेतलेल्या यादीवर सहाशे मेल सोडले, आणि तेपण ज्या पत्त्यावरनं आम्ही बिलं पाठवतो त्याच पत्त्यावरनं. संध्याकाळी इनबॉक्स उघडला तर खालपर्यंत नुसतं 'ॲड्रेस नॉट फाउंड', 'ॲड्रेस नॉट फाउंड'. त्याचं काही वाटलं नाही, पण पुढचा महिनाभर आमची बिलं जुन्या गिऱ्हाइकांच्या स्पॅममधे जाऊन पडत होती, आणि पेमेंटला फोन केला की समोरनं 'बिल कुठं आलंय ओ?' जीमेलनं फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केलेत, दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरनं आलाय हे पटवणारी सेटिंग) तिन्ही लागतं आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. तुम्ही काय पाच हजार पाठवणार नाही, पण एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक तरी लहान माणसालापण लागतं. डोमेन ज्याच्याकडनं घेतलं त्याला सांगितलं तर अर्ध्या तासात करून देतो. टूलमधे 'व्हेरिफाइड' अशी हिरवी खूण दिसली तरी हुरळून जाऊ नका, काही सर्व्हर कुठल्याही नावाला हो म्हणतात, त्याला कॅच-ऑल म्हणतात, तिथं त्या खुणेला काही अर्थ नाही.

आणि एक, युनिफॉर्म कुणाकडनं घ्यायचा ते प्रिन्सिपल ठरवत नाहीत हे तुमच्या वडलांना चांगलं माहीत असेल, संस्थेचे सेक्रेटरी नाहीतर अध्यक्ष ठरवतात, आणि त्यांचा पत्ता कुठलंच एक्स्टेंशन देत नाही. त्यामुळं मेलचा उपयोग शाळेच्या ऑफिसात फोन करायला कारण मिळावं एवढाच. 'काल मेल टाकला होता, कापडाचे तुकडे पोस्टानं पाठवू का, कुणाच्या नावानं पाठवू?' असं विचारलं की क्लार्क बाई बरोबर नाव सांगतात.

प्रश्न : ताई, मी एका टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात आहे. साहेबांनी एक एक्स्टेंशन दिलंय, ते माझ्या स्वतःच्या लिंक्डइनवर चालवून रोज दोन-तीनशे प्रोफाइलचे नंबर आणि मेल काढायचे. जर्मनी आणि अमेरिकेचे बायर जास्त. मागच्या आठवड्यात लिंक्डइननं अकाउंट दोन दिवस बंद ठेवलं. साहेब म्हणतात काही होत नाही, चालू ठेव.

उत्तर : साहेबांचं काही होणार नाही, तुमचं होईल. अकाउंट तुमच्या नावावर, तुमची दहा वर्षांची ओळखपाळख त्यात, आणि लिंक्डइनच्या करारात स्पष्ट लिहिलंय की माहिती खरवडणारं सॉफ्टवेअर, ब्राउझर प्लगइन धरून, चालणार नाही. परत पकडलं तर कायमचं जाऊ शकतं. साहेबांना सांगा, हवं तर स्वतःच्या अकाउंटवर चालवा. बघा कसे गप्प होतात.

आणि हे नुसतं अकाउंटपुरतं नाही. कॅस्पर नावाचं असंच एक क्रोम एक्स्टेंशन आहे, त्याला डिसेंबर २०२४ मधे फ्रान्सच्या डेटा प्राधिकरणानं, सीएनआयएलनं, २ लाख ४० हजार युरो दंड केला, म्हणजे आपले दोन कोटींच्या वर. ज्यांनी लिंक्डइनवर आपला पत्ता मर्यादित लोकांनाच दिसावा असं ठेवलं होतं त्यांचेपण पत्ते उचलले म्हणून. जर्मनीत तर तुम्ही पत्ता कसापण मिळवा, समोरच्यानं आधी होकार दिल्याशिवाय जाहिरातीचा मेल पाठवता येत नाही, कंपनीनं कंपनीला पाठवला तरी. अमेरिकेत उलटं आहे, आधी पाठवा चालतं, पण मेलमधे तुमचा खरा पोस्टाचा पत्ता पाहिजे आणि नको म्हटलं की दहा कामाच्या दिवसांत यादीतनं काढायला पाहिजे. साहेबांनी दोन्ही देश एकाच यादीत घातलेत म्हणजे त्यांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

जर्मनीसाठी सरळ रस्ता म्हणजे फ्रँकफुर्टचं हाइमटेक्स्टिल हे घरगुती कापडाचं प्रदर्शन, दर जानेवारीत असतं, ऐन सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, त्यामुळं इथली मंडळी दरवर्षी कुरकुर करत जातात. पण तिथं बायर स्वतःच्या हातानं कार्ड देतो आणि 'मेल करा' म्हणतो, मग कसला दंड.

तोवर ते एक्स्टेंशन काढत नसाल तर निदान एवढं करा. त्यावर राइट क्लिक करून साइट ॲक्सेस 'ऑन क्लिक' करा. घालताना ते 'सगळ्या साइटवरचा डेटा वाचणं आणि बदलणं' अशी परवानगी मागतं, आपण घाईत हो म्हणतो, आणि त्याच ब्राउझरमधे बँकेचं नेटबँकिंगपण उघडतो. लिंक्डइनसाठी क्रोमचं वेगळं प्रोफाइल केलंत तर उत्तम.

प्रश्न : मी नवी पेठेत टॅक्सची कामं करतो. माझा पर्सनल नंबर अशाच कुठल्यातरी टूलमधे असणार, रोज सॉफ्टवेअरवाले आणि लोनवाले. काढायचा कसा?

उत्तर : फोन करणाऱ्यालाच विचारा, 'नंबर कुठनं मिळाला?' कधीकधी बिचारा खरं सांगून टाकतो. टूलचं नाव कळलं की त्यांच्या साइटवर खाली बारीक अक्षरात प्रायव्हसीचं पान असतं, अपोलो, लुशा, हंटर सगळ्यांकडं माहिती काढून टाकायचा फॉर्म आहे, भरायला पाच मिनिटं. लोनवाल्यांसाठी १९०९ वर डीएनडी करा, तरी कॉल आला तर सात दिवसांच्या आत तक्रार टाका.

आपला डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. पण त्यात एक मेख आहे, जी माहिती माणसानं स्वतःच जगजाहीर केली तिला तो कायदा लागू नाही. म्हणून आधी स्वतःचा नंबर गुगलवर अवतरणचिन्हात टाकून बघा कुठं कुठं पडलाय. मी माझा टाकला तर आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाच्या जुन्या वर्गणीदारांच्या पीडीएफमधे निघाला, नावासकट, १०१ रुपये. अध्यक्षांना दोनदा सांगितलं काढा म्हणून, ते म्हणतात साइट बनवणारा पोरगा पुण्याला गेलाय, आला की बघू.