आंब्याच्या आळ्यात निघालेला जाड साप: मांडूळ, घोणस की आणखी कोणी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: रत्नागिरीजवळच्या बागेत कलमांची आळी खणताना हातभर लांबीचा, गुबगुबीत, आखूड शेपटीचा तपकिरी साप निघाला. गडी म्हणाला मांडूळ, शेजारी म्हणाले घोणसाचं पिल्लू, आणि मस्कतला असलेल्या भावाने फोटो पाहून सांगितलं की हा तिथल्या वाळवंटातला साप आहे. मग खरं काय?

भाऊ अगदीच चुकलेला नाही. कुळी एकच आहे. तिकडच्या सापाचं शास्त्रीय नाव एरिक्स जयकरी. मस्कतला वैद्यकीय सेवेत असलेले आत्माराम जयकर यांच्या सन्मानार्थ प्राणिशास्त्रज्ञ बूलेंजरने १८८८ मध्ये हे नाव ठेवलं. एका मराठी आडनावाने अख्ख्या अरबस्तानातला वाळूतला साप ओळखला जातो, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं. त्याची खूण डोळ्यांत आहे. डोळे जवळजवळ टाळूवर आलेले असतात, त्यामुळे अंग वाळूत पुरून फक्त डोळे बाहेर ठेवता येतात आणि पाली-सरडे टप्प्यात आले की झडप घालता येते. शिवाय तो अंडी घालतो. आपल्याकडचे त्याचे भाऊबंद थेट पिल्लं देतात. तुमच्या सापाचे डोळे डोक्याच्या बाजूला असतील तर मस्कतचा विषय तिथेच संपला. तो अरबी द्वीपकल्प आणि इराणच्या बाजूचा जीव आहे, कोकणात निघणार नाही.

नावांचा एक गोंधळ आधी सोडवतो. एरिक्स ही प्रजाती फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँने १८०३ मध्ये नोंदवली. जुन्या पुस्तकांत हे साप बोआ कुळात दिसतील, नव्या वर्गीकरणात बऱ्याच ठिकाणी त्यांचं स्वतंत्र कुळ मानतात. डुरक्या घोणस (मांडुळाचा याच प्रजातीतला भाऊबंद) कुठे एरिक्स कोनिकस तर कुठे गाँगिलोफिस कोनिकस या नावाने सापडेल. साप एकच आहे, दोन समजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डुरक्याच्या नावात घोणस आहे, अंगावर तसेच डाग आहेत, पण तो बिनविषारी आहे. खरी घोणस आणि फुरसं मात्र जीवघेणी आहेत, आणि रत्नागिरीच्या जांभ्यात फुरशांची कमी नाही. म्हणून ओळख पटेपर्यंत हात लावायचा नाही, काठीने मान दाबायची नाही. दोन मीटरांवरून झूम करून तीन फोटो घ्या: डोकं बाजूने, अंगाचा मधला भाग वरून, आणि शेपूट. लोक नेहमी डोक्याचाच फोटो पाठवतात, आणि शेपटीवाचून ओळख अडते.

घोणसाचं डोकं त्रिकोणी, मानेपासून वेगळं उठून दिसणारं. अंगावर गोल-लांबट ठिपक्यांच्या तीन ओळी, साखळीसारख्या, काळी कडा आणि तिच्याबाहेर फिकट रेघ. डुरक्याचं डोकं मानेत मिसळलेलं असतं आणि डाग वेडेवाकडे, एकमेकांत घुसून पाठीवर नागमोडी पट्टा झालेले. पण माती माखलेली असली की रंग फसवतात. अशा वेळी पोट बघावं (सर्पमित्र साप पारदर्शक बरणीत ठेवतात तेव्हा खालून सहज दिसतं). घोणसाच्या पोटावरच्या पट्ट्या (म्हणजे आडवे खवले) पूर्ण रुंदीच्या असतात आणि शेपटीखाली त्या दोन-दोन होतात. एरिक्सच्या पट्ट्या अरुंद, शेपटीखालीही एकेरीच. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना बारीक नखी दिसली, तर घोणस नाही हे नक्की. ती मागच्या पायांची उरलेली खूण आहे, नरात ठळक असते.

साप निघून गेला असेल तर आसपास कात शोधा. मला विचाराल तर कात हा फोटोपेक्षा भरवशाचा पुरावा. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, पोटाच्या पट्टीच्या एका कडेने कापा आणि काळ्या कागदावर पसरून वर काच ठेवा. अंगाच्या मध्यावर, पोटाची पट्टी सोडून, तिरक्या रेषेत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खवले मोजा. दर दहाव्या खवल्यावर पेनाने खूण करा, तीन जागी मोजा. घोणसात २७ ते ३३ ओळी येतात, फुरशातही चाळिशीच्या आतच. डुरक्यात ४० ते ५५, मांडुळात ५३ ते ६७. आकडा ५४ आला तर पोटाच्या पट्ट्या मोजा: डुरक्यात १६२ ते १८६, मांडुळात १८९ ते २१०. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कात उलटी निघालेली असते हे विसरणं. उलट्या कातीवर खवल्याचा कंगोरा खाचेसारखा दिसतो, आणि खरखरीत साप गुळगुळीत समजला जातो.

मांडुळाची शेपूट डोक्याइतकीच बोथट, म्हणून तो दुतोंड्या. खवले गुळगुळीत, नाक पाचरीसारखं, हनुवटीखाली मधोमध खाच. संकट आलं की तो डोकं खाली लपवतो आणि शेपूट पुढे करतो, त्यामुळे शेपटीवर जखमांचे वण असतात. पिल्लं लालसर-नारिंगी आणि मागच्या भागावर काळे पट्टे असलेली, म्हणून ती वेगळाच साप वाटतात. डुरक्याची शेपूट आखूड आणि टोकदार, हनुवटीला खाच नाही, आणि मागच्या भागाचे खवले कानशीसारखे खरखरीत.

तुमच्या वर्णनावरून मला मात्र तिसऱ्याची शंका येते. एरिक्स व्हिटेकरी हा पश्चिम किनारपट्टीचा साप. इंद्रनील दास यांनी १९९१ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांचं नाव दिलं. तो दिसायला दोघांच्या मधला. अंग डुरक्याइतकं खरखरीत नाही, शेपूट मांडुळाइतकी बोथट नाही, रंग तपकिरी आणि डाग पुसट. मांडूळ मुळात कोरड्या मुलखातला, देशावर जास्त दिसणारा. कोकणात "डाग नसलेला डुरक्या" किंवा "टोकदार शेपटीचं मांडूळ" अशी नोंद दिसली की ती पुन्हा तपासावी, कारण अशाच चुकीच्या नावाखाली हा साप दडून राहतो.

मातीतून निघणारे बाकीचे लवकर वेगळे पडतात. वाळा करंगळीपेक्षा बारीक. खापरखवल्याची शेपूट तिरकी छाटल्यासारखी आणि टोकाला खरखरीत. देवगांडूळ साप नव्हेच, ओलसर अंगाचा वलयं असलेला उभयचर आहे.

साप अजून तिथेच असेल तर आळं त्या बाजूने अर्धवट सोडा आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहा. तो पाचोळ्याखाली भुसभुशीत मातीत स्वतःच शिरतो. उंदीर खातो, त्यामुळे बागेतच राहू द्या. कोणी "वजनावर पैसे देतो" म्हणत आला तर साप दाखवू नका. गुप्तधन आणि औषधाच्या गोष्टी साफ खोट्या आहेत, आणि पकडणं, बाळगणं, विकणं हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. हलवणं भागच असेल तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. आणि चावा झालाच, तर "मांडूळच होतं" या भरवशावर घरी बसू नका. आवळून बांधणं, कापणं काही न करता थेट रुग्णालय गाठा, तिथे २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करायला सांगा.