पहिला सम्राट सीझर नव्हे, पण उत्तरतालिकेत तोच छापला असेल तर?

तुमची पोस्ट वाचली आणि हसावं की रडावं ते कळेना. वाचनालयाच्या प्रश्नमंजूषेत ‘पहिला रोमन सम्राट कोण?’ असा प्रश्न आला. एका संघाने ऑगस्टस सांगितलं, दुसऱ्याने ज्युलियस सीझर, आणि समितीने छापील कागदाकडे बोट दाखवून सीझरवाल्यांना गुण दिले. आता अंतिम फेरीतले रोमचे प्रश्न तुम्हीच काढायचे आहेत आणि पुन्हा तोच तमाशा नको आहे. हे सगळं मी भोगलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी तुमचा निकाल. ऑगस्टसच. सीझर इ.स.पू. 44 मध्ये तहहयात हुकूमशहा झाला आणि त्याच वर्षी 15 मार्चला मारला गेला. त्याचा दत्तकपुत्र ऑक्टेव्हियन, त्याला सिनेटने (रोमच्या वरिष्ठ सभेने) ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली ती इ.स.पू. 27 मध्ये. पण सीझर म्हणणाऱ्यांनी उत्तर हवेतून काढलेलं नाही. स्वेटोनियस या रोमन चरित्रकाराने बारा सीझरांची, म्हणजे रोमच्या सत्ताधीशांची, चरित्रं लिहिली, त्यांत पहिला ज्युलियसच आहे. म्हणजे उत्तर चुकीचं होतंच, पण प्रश्नही ढिसाळ होता. त्याऐवजी ‘ॲक्टियमच्या लढाईनंतर चार वर्षांनी सिनेटने कोणाला नवी पदवी देऊन गौरवलं?’ असं विचारलं असतं (ती लढाई इ.स.पू. 31 ची), तर सीझर म्हणायला कोणी बझर दाबलाच नसता. तो तोवर मरून सतरा वर्षं झाली होती.

बझर, फेऱ्या, गुणांची विभागणी हे तुम्हाला येतच असणार, ते सोडतो. खरं दुखणं उत्तरतालिका बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आहे.

आमच्या भागात शाळांची एक मोठी स्पर्धा व्हायची. आयोजक संस्थेचं नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. मी एका शाळेच्या संघाबरोबर मार्गदर्शक म्हणून जायचो. प्रश्न आला, ‘ख्रिस्ती धर्माला रोमचा राजधर्म कोणी केलं?’ आमच्या मुलीने थिओडोसियस सांगितलं. तालिकेत कॉन्स्टंटाइन. कॉन्स्टंटाइनने लिसिनियस या सहसम्राटाबरोबर इ.स. 313 मध्ये छळ थांबवला आणि उपासनेची मोकळीक दिली. ती सगळ्यांनाच दिली, फक्त ख्रिस्त्यांना नाही. राजधर्म ठरवणारा फतवा थेस्सलोनिकाचा, इ.स. 380 चा. मधल्या काळात ज्युलियन नावाचा सम्राट गादीवर आला आणि 361 ते 363 जुन्या देवांचा जीर्णोद्धार करत बसला! राजधर्म आधीच ठरलेला असता तर एवढं उघडपणे ते त्याला जमतं का?

हरकत नोंदवायची तर छापील अर्ज. त्यात ‘आधारग्रंथ व पृष्ठ क्रमांक’ असा रकाना. मी इंग्रजी पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स जोडली. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, मराठी आधार आणा. मराठी पुस्तक नेलं, तर म्हणाले, हे मान्यताप्राप्त यादीत नाही. यादी मागितली, तर ती ‘अंतर्गत’ होती. शेवटी उत्तर आलं ते एका ओळीचं: उत्तरतालिका तज्ज्ञांनी तयार केली असल्याने बदल शक्य नाही. तज्ज्ञ कोण, तेही अंतर्गत. ती मुलगी त्या एका प्रश्नावर पुढच्या फेरीतून बाहेर गेली आणि त्यानंतर तिने इतिहासाच्या स्पर्धेत नावच दिलं नाही. एवढी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, त्यामुळे पुढचे सल्ले थोडे चिडून दिलेत असं समजा. मी प्राध्यापक वगैरे नाही, हौसेने वाचणारा आणि प्रश्न काढणारा माणूस आहे. लॅटिन मला येत नाही.

तर माझं मत: रोमच्या प्रश्नात ‘कोणाच्या म्हणण्यानुसार’ हे आलंच पाहिजे. लोकांना रोम माहीत आहे तो नाटक-सिनेमातला, आणि प्रश्न काढणाराही बहुधा तिथूनच उचलतो. ‘रोम जळत असताना कोणता सम्राट फिडल वाजवत होता?’ हा प्रश्न दरवर्षी कुठे ना कुठे येतो. फिडल तेव्हा नव्हतंच, नीरो वाजवायचा ते किथारा, तंतुवाद्य. इ.स. 64 च्या जुलैत आग लागली. त्याऐवजी टॅसिटस या रोमन इतिहासकाराचा आधार घेऊन विचारा, ‘टॅसिटसच्या म्हणण्यानुसार आग लागली तेव्हा नीरो कुठे होता?’ उत्तर अँटियम, रोमबाहेर. आगीकडे पाहत नीरोने ट्रॉयच्या विनाशाचं गाणं म्हटलं, असं स्वेटोनियस ठामपणे लिहितो. टॅसिटस ती अफवा म्हणून देतो. हीच गंमत विचारा ना. सम्राट कॅलिग्युलाच्या घोड्याचंही तेच. त्याला कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, केलं असं विचारतात. स्वेटोनियस एवढंच म्हणतो की, तसा त्याचा विचार होता असं सांगतात.

आकड्यांत तर फारच जपा. भारताच्या व्यापारापायी रोमचा पैसा बाहेर जातो अशी प्लिनी या रोमन लेखकाची तक्रार आहे आणि ती आपल्या लोकांना आवडते, कारण त्यात आपण जिंकतो. पण त्याच्या ग्रंथात दोन आकडे आहेत. सहाव्या खंडात एकट्या भारतासाठी वर्षाला 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी), बाराव्यात भारत, चीन आणि अरबस्तान मिळून 10 कोटी. खंड न सांगता प्रश्न विचारलात तर दोन्ही संघ भांडायला उभे राहतील आणि दोघेही बरोबर असतील.

इसवी सनपूर्वातून इसवी सनात जाणारी वजाबाकी तर टायब्रेकरला मुळीच ठेवू नका. ऑगस्टस इ.स.पू. 27 पासून इ.स. 14 पर्यंत, किती वर्षं? निम्मे लोक 41 म्हणतात. शून्य साल नसतं, म्हणून 40. यात इतिहास किती कळतो ते देव जाणे.

समितीकडून मात्र अंतिम फेरीआधी एक गोष्ट लेखी घ्या: हरकत आली तर तिथल्या तिथे निर्णय देणारा एक माणूस असेल, त्याला तालिका बदलण्याचा अधिकार असेल, आणि दोन उत्तरांना आधार निघाला तर दोन्ही संघांना गुण मिळतील. समिती कां-कूं करायला लागली तर फेरी सरळ दुसऱ्याच्या गळ्यात घाला. हे माझं मत, तुमचे संबंध तुम्ही सांभाळा.

अवांतर: चित्रफेरी असेल तर कोलोसियमचा फोटो नको, सगळे ओळखतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची, रोमशी व्यापार होता त्या काळातली छोटी कांस्यमूर्ती टाका, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. आणि प्रश्न ‘हा देव कोण’ एवढाच ठेवू नका, ‘ही कुठे सापडली’ तेही विचारा. माझ्या अनुभवात रोमच्या सम्राटांची यादी तोंडपाठ असणारेही तिथे गप्प बसतात.