दाण्याची ॲलर्जी, ब्रिटन आणि बाहेरचं जेवण

तुम्ही विचारलंय की मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला शेंगदाणे आणि काजू दोन्हींची ॲलर्जी आहे, मिस्टरांच्या नोकरीमुळे ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला यायचं ठरतंय. तर इथे बाहेर जेवता येईल का, की कायम घरचा डबा घेऊनच फिरायचं? येईल जेवता. आमची मुलगी दाणे आणि तिळाच्या ॲलर्जीसह इथेच वाढली आणि आम्ही नेहमी बाहेर जेवतो. पण इथला कायदा कुठपर्यंत तुमच्या सोबत आहे आणि कुठून पुढे तुम्हालाच विचारावं लागतं, ते निघण्याआधी नीट समजून घ्या. म्हणून थोडं लांबण लावून लिहिते.

ब्रिटनमध्ये 14 ॲलर्जीकारक पदार्थांची यादी ठरलेली आहे. ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शिंपले-कालवं, शेंगदाणे, काजू-बदाम-अक्रोड-पिस्त्यांसारखा सुका मेवा, सोया, तीळ, मोहरी, सेलरी, ल्युपिन (एक शेंगवर्गातलं बी) आणि सल्फाइट (टिकवण्यासाठी घालतात ते रसायन). डिसेंबर 2014 पासून रेस्टॉरंट, पब, कॅन्टीन, टेकअवे, सगळ्यांनाच आपल्या प्रत्येक पदार्थात यातलं काय घातलंय ते गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. यादीत शेंगदाणा आणि बाकीचा सुका मेवा हे दोन वेगळे धरलेत. तुमच्या मुलाला दोन्ही चालत नाहीत, तेव्हा विचारताना नुसतं ‘नट्स’ म्हणून थांबू नका. ‘पीनट आणि कॅश्यू’ अशी दोन्ही नावं घ्या. काजूवाल्यांना पिस्तेही बहुधा चालत नाहीत, म्हणून तेही सांगा.

ही माहिती लेखीच दिली पाहिजे असं मात्र बंधन नाही. तोंडी सांगितली तरी चालते, फक्त ‘ॲलर्जी असेल तर आम्हाला विचारा’ अशी पाटी हवी. मार्च 2025 मध्ये इथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने लेखी माहिती ठेवा आणि शिवाय गिऱ्हाइकाशी बोला असं मार्गदर्शन दिलं, पण तो सल्ला आहे, सक्ती नाही. त्यामुळे मोठ्या साखळी रेस्टॉरंटांत पदार्थवार तक्ता मिळतो, आणि कोपऱ्यावरच्या छोट्या कॅफेत जो पोरगा काउंटरवर उभा असेल त्याच्या आठवणीवर सगळं असतं. मी अशा ठिकाणी ‘आत पाकिटावर बघून सांगाल का?’ असं सरळ म्हणते. चांगली माणसं पाकीटच बाहेर आणून दाखवतात.

पाकीटबंद वस्तूंवर हे 14 पदार्थ ठळक अक्षरांत छापलेले असतात. दुकानातच बनवून, तिथेच गुंडाळून विकलेल्या सँडविचसारख्या वस्तूंवर पूर्वी तसं लिहावं लागत नसे. 2016 मध्ये नताशा एडनान-लपरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेल्या बॅगेट सँडविचमधल्या तिळामुळे गेली. पाकिटावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून अशा वस्तूंवरही घटकांची पूर्ण यादी छापणं सक्तीचं झालं. लोक त्याला ‘नताशाज लॉ’ म्हणतात. तिळाची ॲलर्जी असलेल्या मुलीची आई म्हणून मला या आईवडिलांबद्दल किती कृतज्ञता वाटते ते इथे लिहून संपणार नाही.

आता कायदा कुठे थांबतो ते. पहिलं म्हणजे, यादीबाहेरचं काही सांगायला कोणी बांधील नाही. मेथी, नारळ, वाटाणा, हरभरा यादीत नाहीत. दाण्याची ॲलर्जी असलेल्या काही जणांना मेथी किंवा ल्युपिन सोसत नाही, कारण सगळी एकाच शेंगवर्गातली. ल्युपिनचं पीठ युरोपातल्या काही ब्रेडमध्ये असतं, पण ते यादीत आहे, म्हणजे कळेल तरी. वाटाण्याचं प्रोटीन हल्ली व्हीगन बर्गर-सॉसेजमध्ये भरपूर येतं, ते यादीत नाही. मुलगा घरी डाळी, उसळी, मेथी आनंदाने खात असेल तर उगाच काही बंद करू नका. कधी त्रास झाला असेल तर मात्र निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

दुसरं, पाकिटावरचा ‘मे कंटेन’ (म्हणजे ‘यात अमुक असू शकतं’) हा मजकूर ऐच्छिक आहे. तो छापलेला नाही याचा अर्थ कारखान्यात दाणे नाहीत असा होत नाही. तिसरं, दारावरचं 0 ते 5 आकड्यांचं हिरवं-काळं स्टिकर स्वच्छतेचं आहे, ॲलर्जीबद्दल ते काहीच सांगत नाही. आणि पदार्थावर ‘व्हीगन’ लिहिलंय म्हणजे आपल्याला सुरक्षित, असंही नाही. तुमच्या बाबतीत तर उलटंच: व्हीगन चीज, व्हीगन क्रीम, व्हीगन चीजकेक यांचा पाया पुष्कळदा काजू असतो.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पदार्थात काय घातलंय हे तक्ता सांगतो. तो कशात तळला, कुठल्या डावाने वाढला, हे सांगतोच असं नाही. एका पबमध्ये मुलीसाठी साधे चिप्स मागवले होते. तक्त्यात चिप्ससमोरचे सगळे रकाने रिकामे, बटाटा आणि तेल. मी नेहमीप्रमाणे वेटरला म्हटलं, तळण वेगळं आहे का ते शेफला विचारून ये. तो आत गेला आणि शेफ स्वतःच हात पुसत बाहेर आला. म्हणाला, तीळ लावलेलं चिकन आम्ही त्याच फ्रायरमध्ये सोडतो, तेव्हा चिप्स देऊ शकत नाही. भाजलेला बटाटा नव्या फॉइलमध्ये करून देतो, चालेल? अगदी चाललं. त्या शेफचं उत्तर मला कुठल्याही तक्त्यापेक्षा भरवशाचं वाटतं, आणि ‘नाही देऊ शकत’ असं सांगणाऱ्या जागी आम्ही मुद्दाम परत जातो. ज्यांना सगळंच ‘नो प्रॉब्लेम’ वाटतं आणि जे आत न जाताच मान डोलावतात, तिथून मी नम्रपणे उठते. तुम्हीही उठायला संकोच करू नका.

म्हणून बुकिंग करतानाच ॲलर्जी सांगा, फोनवर. शक्यतो गर्दी व्हायच्या आधी जा. बारा-सव्वाबाराला किंवा संध्याकाळी साडेपाचला स्वयंपाकघराला तुमच्याकडे बघायला सवड असते. शनिवारी रात्री आठला नसते. एक छोटं कार्ड करून घ्या: मुलाला कशाकशाची ॲलर्जी आहे, थोडंसंही चालत नाही, भांडी-तेल-हात वेगळे हवेत. वेटर ते तसंच आत नेतो, म्हणजे निरोप मधल्यामधे पातळ होत नाही. ताट आल्यावर पुन्हा एकदा विचारा, ‘हे ॲलर्जीवालंच ना?’ बुफे टाळा. आइस्क्रीमच्या दुकानात एकच स्कूप सगळ्या डब्यांतून फिरतो, तेही टाळा. थाई, चिनी, इंडोनेशियन जेवणात दाणे-काजू फार. आम्ही जातच नाही. इटालियन त्या मानाने सोपं, पण पेस्टो नावाच्या चटणीत चिलगोज्यांऐवजी काजू असू शकतात आणि पिस्त्याचं क्रीम हल्ली सगळीकडे दिसतं.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. नवीन आलं की जीव भारतीय रेस्टॉरंटकडे ओढतो. आपली माणसं, आपली भाषा, आपली चव. तुमच्या मुलासाठी इथलं भारतीय जेवण हेच सगळ्यात अवघड आहे. इथल्या कोर्मा-पसंदामध्ये बदामाची नाहीतर काजूची पेस्ट असते, आणि बऱ्याच ठिकाणी एकाच मूळ ग्रेव्हीतून सगळ्या भाज्या होतात. जानेवारी 2014 मध्ये उत्तर यॉर्कशायरमध्ये, म्हणजे लीड्सपासून फार लांब नाही, दाण्याची ॲलर्जी असलेल्या एका माणसाने टेकअवेतून टिक्का मसाला मागवला, बिन-नट्सचा पाहिजे म्हणून बजावून. मालकाने खर्च वाचवायला बदामाच्या पुडीऐवजी दाणे असलेली स्वस्त पूड वापरायला सुरुवात केली होती. तो माणूस त्याच रात्री गेला. 2016 मध्ये मालकाला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. हे घाबरवायला सांगत नाही. पूड बदलली की तक्ता खोटा ठरतो, म्हणून ‘मागच्या वेळी चाललं होतं’ हे कारण पुरत नाही. दर वेळी नव्याने विचारायचं, एवढ्यासाठी सांगते. आणि आपल्या माणसांना विचारताना इंग्रजांना विचारताना वाटत नाही तो संकोच वाटतो. ‘अहो ताई, थोडंसं काही होत नाही’ असं प्रेमाने म्हणणारे काका तुम्हाला भेटतीलच. तिथे हसून, पण ठाम राहा.

तीच गोष्ट मराठी मंडळांची. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचं, आणि इतर शहरांतही मंडळं आहेत. गणपतीला, दिवाळीला नक्की जा, मुलांना त्याची गरज असते. पण हौसेने घरून करून आणलेल्या पदार्थांना रेस्टॉरंटसारखा तक्ता नसतो. साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, चिक्की, काजूकतली, आणि एका भांड्यातला डाव दुसऱ्यात. आम्ही मुलीचं ताट घरून नेतो, आणि जेवण लागण्याआधी तिला पहिल्यांदा वाढून बसवतो. यजमानांना आधी फोन केला की कोणी वाईट वाटून घेत नाही. खाल्ल्यावर सगळ्या पोरांचे हात साबणाने धुवून घ्यायची विनंती करा. सॅनिटायझरने दाण्याचं प्रोटीन निघत नाही, साबण-पाण्याने किंवा ओल्या वाइपने निघतं.

घरी मागवताना ॲपवरच्या सूचनांच्या चौकटीवर विसंबू नका, दुकानाला थेट फोन करा. ऑर्डर पक्की होण्याआधी आणि डबा हातात पडताना, दोन्ही वेळा ॲलर्जीची माहिती उपलब्ध करून देणं त्यांना बंधनकारक आहे.

औषधाचं. ॲड्रिनॅलिनचं ऑटो-इंजेक्टर, म्हणजे तीव्र रिॲक्शन आली की लगेच टोचायचं तयार इंजेक्शन, त्याला इथे सगळे ‘पेन’ म्हणतात. एपिपेन आणि जेक्स्ट हे नेहमीचे ब्रँड. 150 आणि 300 मायक्रोग्रॅम अशा मात्रा असतात, मुलाच्या वजनावरून डॉक्टर ठरवतील. दोन पेन कायम सोबत हवीत, आणि ती जिथे मुलगा तिथे; गाडीत नाही, हॉटेलच्या खोलीत नाही. घसा आवळणं, आवाज बसणं, सततचा खोकला, घरघर, एकदम मलूल पडणं, यातलं काही दिसलं की आधी पेन, मग 999 ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन, आणि फोनवर ‘ॲनाफिलॅक्सिस’ (जिवावर बेतणारी ॲलर्जीची रिॲक्शन) हा शब्द उच्चारा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून दिलं तरी चालतं. मुलाला आडवं करून पाय वर ठेवा. श्वासाला फार त्रास होत असेल तर बसतं ठेवा, पण उभं करू नका, चालवत बाथरूमपर्यंत नेऊ नका. एकदम उभं राहिल्याने रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं पेन. अँटीहिस्टॅमिनच्या गोळीने किंवा सिरपने पुरळ कमी होतं, ॲनाफिलॅक्सिस थांबत नाही. ते देऊन वाट बघत बसू नका. बरं वाटलं तरी हॉस्पिटलमध्ये जायचंच, कारण काही तासांनी रिॲक्शन उलटून येऊ शकते.

प्रत्येक ब्रँडचं पेन वापरायची रीत थोडी वेगळी असते. कंपन्यांकडून सुईविना सरावाचं पेन मिळतं, ते मागवा आणि तुम्ही, मिस्टर, मुलाला सांभाळणारं जे कोणी असेल ते, सगळ्यांनी हात बसेपर्यंत सराव करा.

लीड्सला पत्ता मिळाला की पहिल्याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. सोबत तुमच्या आत्ताच्या डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, रक्ततपासणी किंवा स्किन टेस्टचे रिपोर्ट, आणि आधीच्या रिॲक्शन कशा झाल्या त्याची तारखांसह टिपणं न्या. पेन जीपी लिहून देतात, आणि इंग्लंडमध्ये 16 वर्षांखालच्या मुलांना प्रिस्क्रिप्शनचे पैसे पडत नाहीत. ॲलर्जी क्लिनिकची अपॉइंटमेंट मिळायला मात्र महिनोन्‌महिने लागू शकतात, म्हणून तिथे पाठवायची चिठ्ठी, म्हणजे रेफरल, पहिल्याच भेटीत मागा. पेन मिळेपर्यंतचा मधला काळ नाजूक. तुमच्या डॉक्टरांनी तिकडे पेन किंवा ॲम्प्यूल-सिरिंज दिली असेल तर ती विमानात हातातल्या बॅगेत, पत्रासह आणा, आणि इथलं पेन हातात येईपर्यंत बाहेर जेवूच नका. तेवढं थांबायला हवं.

सहा वर्षांच्या मुलाला इंग्लंडच्या सरकारी शाळेत दुपारचं जेवण मोफत असतं, आणि त्या स्वयंपाकघरालाही 14 पदार्थांचा नियम लागू आहे. शाळेत लेखी ॲलर्जी ॲक्शन प्लॅन द्यावा लागेल. छापील नमुना ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेचा आहे, डॉक्टर भरून देतात. ऑक्टोबर 2017 पासून शाळांना जादाची पेन स्वतः विकत घेऊन ठेवायची मुभा आहे. ठेवली आहेत का आणि कुठे ठेवतात, ते प्रवेशाच्या वेळीच विचारा. कुलूपबंद कपाटात असतील तर बदलायला सांगा. ॲनाफिलॅक्सिस यूके या संस्थेची हेल्पलाइन आहे, त्यांच्याशीही बोलून घ्या, आणि फूड स्टँडर्ड्स एजन्सीचे ॲलर्जीचे अलर्ट फोनवर सुरू करा. बाजारातून परत मागवलेल्या वस्तूंची खबर लगेच मिळते.

विमानाचं तिकीट काढताना एअरलाइनला कळवा, पण ‘नट-फ्री’ विमानाची हमी बहुतेक कंपन्या देत नाहीत. सीट, ट्रे, हँडल वाइपने पुसा, मुलाचं जेवण घरचं न्या. शाळा ठरली की मला कळवा; लीड्समध्ये माझ्या ओळखीचं एक कुटुंब आहे, त्यांच्या मुलालाही दाणे चालत नाहीत, तुमची गाठ घालून देते.