पद्मिनीच्या मोडलेल्या मूळ कड्या, मुठी आणि मोनोग्राम दुरुस्त होतात का, की नवेच बसवावेत?

वडिलांच्या 1979 सालच्या प्रीमियर पद्मिनीची क्वार्टर काचेची (दाराच्या छोट्या तिकोनी काचेची) कडी मोडलीय, मोनोग्रामच्या, म्हणजे गाडीवरच्या नावाच्या बिल्ल्याच्या, मागचे खुंट तुटलेत आणि मुठींच्या क्रोमवर फोड आलेत, असं तुम्ही लिहिलंय. नवे नग आणू की जुनेच करू, आणि कोल्हापुरात कुणी करून देईल का, हा तुमचा प्रश्न.

जुनेच करा, आणि कोल्हापुरातच होतं. माझं उद्यमनगरात लेथ आणि फिटिंगचं काम आहे. जुन्या गाड्यांचे असले बारके नग मी हौसेनं करतो, म्हणून खात्रीनं सांगतोय. फक्त धातू ओळखल्याशिवाय नग कुणाच्या हातात देऊ नका. गॅस वेल्डिंगवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका.

या कड्या, मुठी, मोनोग्राम बहुतेक मझॅकचे असतात, म्हणजे जस्तात थोडं ॲल्युमिनियम घालून डायमध्ये ओतलेले. लोहचुंबक चिकटत नाही, पण हातात घेतला तर ॲल्युमिनियमपेक्षा बराच जड लागतो. मोडलेली बाजू करडी, दाणेदार दिसते. आतल्या बाजूला कानस मारली आणि पिवळं दिसलं तर मात्र पितळ, मग काळजी नाही. मझॅक साधारण 380 अंशांना वितळतो आणि पितळेच्या ब्रेझिंगला, म्हणजे पितळ वितळवून जोड भरायला, 900 च्या आसपास उष्णता लागते. गॅसची टॉर्च लावली की कडीचा गोळा होतो, आणि तो कुणालाच परत घडवता येत नाही.

मोडलेली कडी मी पिनेनं जोडतो. दोन्ही तुकड्यांचे मोडके तोंड कानसायचे नाहीत, ते दाणे एकमेकांत जसेच्या तसे बसतात, तेच आपलं माप. फक्त पेट्रोलनं धुऊन घ्यायचे. एका तुकड्यात मधोमध 2 मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यात टोकदार पिन उभी करायची आणि दुसरा तुकडा वर अलगद दाबायचा. जिथं टोच उमटते तिथंच समोरचं भोक. मझॅक मऊ असतो, त्याचा बुरा ड्रिलच्या खाचेत अडकतो आणि बिट मोडतं. म्हणून ड्रिल हळू चालवायचं, थेंबभर रॉकेल सोडायचं, दर खेपेला बिट बाहेर काढून साफ करायचं. पिनेसाठी स्टेनलेसची सायकलची स्पोक उत्तम, साधी स्पोक 2 मिलिमीटरचीच असते. तिच्यावर कानशीनं खरचटे काढायचे, भोक जरासं मोकळं करायचं आणि चोवीस तासांत सुकणारा इपॉक्सी भरायचा. पाच मिनिटांत सुकणारा नको, तो पुढं उन्हात ढिला पडतो. जोडावर आलेला चिकटा ओला असतानाच स्पिरिटनं पुसून घ्या. काच रोज उघडा-लावा, कडी टिकते.

मोनोग्रामचं काम सोपं आहे. तुटलेल्या खुंटाच्या जागी उथळ भोक, 3 मिलिमीटरचे आटे, त्यात छोटा स्टड, म्हणजे आट्यांचा बिनडोक्याचा खुंट. ड्रिलला स्टॉपर लावा, नाहीतर बिट पुढच्या क्रोममधून बाहेर येईल.

एखादा नग झिजून अगदीच गेला असेल तर पितळेत करून घ्या. आपल्याकडं शिरोली आणि गोकुळ शिरगावात फौंड्र्या भरपूर, पण त्या बिडाच्या आणि मोठ्या मालाच्या. एवढ्याशा कडीसाठी गुजरीतले दागिने ओतणारे कारागीर बरे. रबराच्या साच्यात मेण, मेणावरून ओतकाम, ही त्यांची रोजची रीत आहे. मूळ नगावरून साचा घेतला की ओतलेला नग आकसून जरा लहान येतो. त्यामुळं भोकं ओतूच देऊ नका, भरीव ठेवायला सांगा आणि नंतर मापानं पाडा. मूळ तुकडाही परत मागून घ्या, तो जपून ठेवायचा.

आता क्रोम. जास्तीत जास्त नग इथंच वाया जातात. प्लेटिंगवाले लोखंडी माल ॲसिडमध्ये बुडवून साफ करतात. तसंच मझॅकला केलं तर फोडांखालचं जस्त खाऊन जातं आणि नगाला चाळण पडते. आत जस्त आहे, पहिला थर अल्कलाइन बाथमधल्या (ॲसिड नसलेल्या द्रावणातल्या) तांब्याचा हवा, हे त्यांना स्पष्ट सांगा. तांबं चढल्यावर खड्डे साध्या कथलाच्या झाळणानं भरता येतात, कारण ते 190 अंशांच्या आतच वितळतं. मग घासून पुन्हा तांबं, वर निकेल, शेवटी क्रोम. बफिंगवाल्यालाही सांगा, अक्षरांच्या कडा गोल करू नको म्हणून. हे घरी करायच्या फंदात पडू नका, त्या बाथमध्ये सायनाइड असतं. आणि फोड दोन-चारच असतील तर प्लेटिंग करूच नका. साबणाच्या पाण्यानं धुवा, मेणाचं पॉलिश लावा, राहू द्या. दसऱ्याला दसरा चौकात कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते तेव्हा माझी नजर आधी तिच्या मुठींवर आणि दिव्यांच्या कड्यांवर जाते. गाडीचं वय तिथं दिसतं आणि ते दिसावंच असं मला मनापासून वाटतं.

नव्या नगांबद्दल एवढंच, की बाजारात मिळणारे काही फार हलके असतात आणि भोकंही जुळत नाहीत. मग लोक दाराच्या पत्र्याला नवी भोकं पाडतात, ते बघवत नाही.

बसवताना आटे तपासा. पद्मिनी मूळची फियाट, तिचे आटे मेट्रिक. डब्यातला अँबॅसिडरचा जुना स्क्रू उचलून लावू नका, ती मूळची मॉरिस, तिथं इंची आटे भेटतात. दोन फेरे बसतो आणि मग मझॅकचे आटे कापत जातो. लोखंडी स्क्रूला ग्रीस लावूनच घाला, नाहीतर ओलीनं तो आत धरतो आणि पुढच्या वेळी काढताना नगाचा स्क्रू बसायचा कान मोडतो. कडी काढायची असेल तर मे संपायच्या आत काढा. आपल्याकडच्या पावसात क्वार्टर काच सैल राहिली की पाणी थेट दाराच्या पत्र्यात उतरतं.