वाचनालयाच्या यादीसाठी पायथॉन, पीएचपी की पर्ल?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात साधारण बारा हजार पुस्तकं आहेत. यादी एक्सेलमध्ये आहे, पण वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या काळात टाइप केलेली. मी बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून ही यादी साफ करून लोकांना त्यात पुस्तक शोधता येईल असं काहीतरी करायचंय. प्रोग्रॅमिंगची भाषा कुठली घ्यायची यावर मित्र म्हणतो पीएचपी घे, होस्टिंग (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा) स्वस्त पडतं. सर म्हणतात पायथॉन. ओळखीतले एक दादा आयटीत आहेत ते म्हणतात टेक्स्टचं काम आहे ना, मग पर्लच. काय घेऊ? – एक विद्यार्थी, मिरज तालुका

उत्तर : तिघांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, पण तुझी यादी मराठीत आहे हे तिघांपैकी कुणीच धरलेलं दिसत नाही, आणि या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त वेळ तिथेच जाणार आहे. म्हणून आधी मराठी मजकुराशी कुठली भाषा कशी वागते ते बघू.

'पुस्तक' हा शब्द घे. आपण वाचताना त्यात तीन अक्षरं मोजतो. पायथॉन आणि जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा) लांबी सांगतात सहा, कारण उकार आणि हलन्त ते वेगळे मोजतात. पीएचपीचं साधं स्ट्रिंग लेंग्थचं फंक्शन सांगतं अठरा, कारण ते बाइट (साठवणीचं एकक) मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पीएचपीत यासाठी एमबी नावाने सुरू होणारी वेगळी फंक्शन्स आहेत, ती वापरली की सहा येतात, पण एखाद्या ठिकाणी विसरलास आणि पुस्तकाचं नाव पन्नास बाइटवर कापलंस तर शेवटचं अक्षर मधोमध तुटतं आणि तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो.

आता दादांचं पर्ल. शब्द वेगळे काढायला रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात नमुना शोधायच्या खुणांमध्ये) आपण सर्रास बॅकस्लॅश डब्ल्यू वापरतो, म्हणजे 'शब्दातलं कुठलंही अक्षर' अशी खूण. पायथॉनच्या स्वतःच्या आरई मॉड्यूलला 'मराठी' हा शब्द दिलास तर हातात दोन तुकडे येतात, 'मर' आणि 'ठ'. काना आणि वेलांटी त्याच्या हिशोबात अक्षरात बसतच नाहीत!! जावास्क्रिप्टमध्ये तर त्या खुणेत फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि अंडरस्कोअर येतात, त्यामुळे हाती काहीच लागत नाही. पर्लला फाइल यूटीएफ-८ आहे एवढं नीट सांगितलं की ते अख्खा शब्द धरतं. तेव्हा दादा उगाच बोलत नाहीयेत. पायथॉनमध्ये यावर उपाय म्हणजे रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल (तयार कोड) पिप या पायथॉनच्या साधनाने टाकायचं, किंवा यादीचं काम असेल तर सरळ स्पेसवर स्प्लिट करायचं, म्हणजे स्पेस दिसली की तोडायचं, तुला बहुतेक तेवढ्यात भागेल.

आकड्यांत मात्र पायथॉन पुढे आहे. दाखल क्रमांक आणि किमती कुणी '१२३' अशा लिहिल्या असतील कुणी इंग्रजी आकड्यांत. पायथॉनचं इंट फंक्शन देवनागरी '१२३' सरळ एकशे तेवीस म्हणून वाचतं. जावास्क्रिप्ट 'हा नंबर नाही' म्हणतं, पीएचपीचं इंटव्हॅल फंक्शन आणि पर्ल त्याचा शून्य करून पुढे जातात, आणि हे जास्त धोक्याचं कारण सगळ्या किमतींची बेरीज चुकते आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी गोष्ट वर्णक्रम. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत) ळ हा ल च्या शेजारी बसवलाय, आपल्याकडे तो ह च्या नंतर येतो, त्याच्याही नंतर क्ष आणि ज्ञ. पायथॉनची साधी सॉर्ट युनिकोडच्या क्रमाने जाते, त्यामुळे ज्ञानेश्वरी ज मध्ये जाऊन बसते आणि ग्रंथपाल म्हणतात तुझी यादी चुकली, आणि त्यांचं बरोबर असतं. जावास्क्रिप्टमध्ये इंटल कोलेटर म्हणून सोय ब्राउझरमध्येच असते, त्याला मराठीसाठी 'एमआर' एवढं सांगितलं की क्रम आपल्यासारखा लागतो. पर्लमध्येही हे सोबतच मिळतं, पीएचपीला इंटल एक्स्टेन्शन चालू करावं लागतं, पायथॉनला पायआयसीयू नावाचं मॉड्यूल वेगळं टाकावं लागतं आणि विंडोजवर ते टाकताना नवशिक्यांना बराच त्रास होतो.

हे सगळं बघून माझं मत असं की काम दोन भागात तोड. यादी साफ करायला पायथॉन, आणि लोकांना शोधायला ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट. बारा हजार ओळींचा डेटा काही मेगाबाइटमध्ये मावतो, तो पायथॉनने एका जेएस (जावास्क्रिप्ट) फाइलमध्ये लिहून टाकायचा आणि साध्या एचटीएमएल पानाला स्क्रिप्ट टॅगने जोडायचा. जेसन (डेटा साठवायचा एक प्रकार) फाइल वेगळी ठेवून फेच करू नकोस, म्हणजे पानातून मागवू नकोस, डबल क्लिकने उघडलेल्या पानात ब्राउझर ते अडवतो. असं केलंस तर सर्व्हर नको, होस्टिंग नको, वाचनालयातला जुना कॉम्प्युटर इंटरनेट नसतानाही चालेल, आणि वर्णक्रमाचा प्रश्न आपोआप सुटला. पुढे कधी सभासदांना घरून पुस्तक राखून ठेवायचं असेल, देवघेव ऑनलाइन करायची असेल, तेव्हा पीएचपीचा विचार कर, स्वस्त होस्टिंगवर ते बहुतेक सगळीकडे तयार मिळतं, मित्राचा मुद्दा त्या दिवशी लागू होईल.

मग पर्ल का नाही? तू पास होऊन पुण्याला गेलास की ही स्क्रिप्ट कोण उघडणार? कॉलेजच्या पुढच्या बॅचला पायथॉन येत असेल, पर्ल येणारा मिळणं अवघड. ग्रंथपालांना दरवर्षी नवीन खरेदी त्यात घालावी लागणार आहे, त्यामुळे हा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवतो.

साफसफाई करताना एक जागा नीट बघ. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हेने टाइप झालेला असतो. काही कीबोर्ड ऱ चा वेगळा कोड टाकतात, काही साधा र, मग हलन्त आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह टाकतात. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात पण शोधताना जुळत नाहीत, आणि 'दुसऱ्या' शोधलं तर निम्मी पुस्तकं गायब. पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइज एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी सोय) बाकीचे बरेच घोळ मिटवतं पण हा नाही, तो स्वतः रिप्लेस लिहून एका रूपात आणावा लागतो. आणि शोधणाऱ्याने बॉक्समध्ये टाइप केलेल्या शब्दालाही तीच साफसफाई लाव, नाहीतर निम्मंच काम होईल.

फाइल उघडताना एन्कोडिंग (मजकूर साठवायची पद्धत, इथे यूटीएफ-८) दरवेळी लिही, विंडोजवर पायथॉन स्वतःच्या अंदाजाने चालला तर मराठीचा चिखल होतो. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) एक्सेलमध्ये उघडायची असेल तर 'यूटीएफ-८-सिग' लिही. आणि यादीतला काही भाग कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आण, कारण फॉन्ट काढला की आत मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, तिथे कुठलीच भाषा मदत करणार नाही.

प्रश्न : मी एका लहान कंपनीत काम करते. आधीच्या माणसाने पर्लच्या बऱ्याच स्क्रिप्ट लिहून ठेवल्यात, रोज रात्री बिलांच्या फाइल वाचून रिपोर्ट तयार होतो. तो माणूस सोडून गेला. साहेब म्हणतात पर्ल मेलं, सगळं पायथॉनमध्ये करा. खरंच करू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : पर्ल मेलेलं नाही ताई. १९८७ साली लॅरी वॉल यांनी ते आणलं, पर्ल ५ आलं १९९४ ला आणि त्याच्या नवीन आवृत्त्या अजून येतात. गोंधळ झाला तो पर्ल ६ मुळे, ती हळूहळू वेगळीच भाषा झाली आणि २०१९ मध्ये तिचं नाव राकू ठेवलं. तेव्हा 'मेलं' म्हणून बदलू नका. पण ऑफिसात पर्ल वाचणारं एकही माणूस उरलं नसेल तर ते कारण पुरेसं आहे, साहेबांना तसंच सांगा.

सगळं एकदम मात्र करू नका. ज्या स्क्रिप्टमध्ये सारखे बदल करावे लागतात ती आधी घ्या, जिला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही ती शेवटी. नवीन आणि जुनी दोन्ही महिनाभर त्याच फाइलवर चालवा आणि रिपोर्ट डिफ करून (दोन फाइलमधला फरक काढून) बघा, मधे महिनाअखेर आलीच पाहिजे कारण विचित्र बिलं तेव्हाच येतात. फरक दिसतील, त्यातले बरेच नुसते ओळींच्या क्रमाचे असतील कारण पर्लचा हॅश (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा साठा) क्रम पाळत नाही आणि पायथॉनची डिक्शनरी, म्हणजे तसाच साठा, आवृत्ती ३.७ पासून ज्या क्रमाने घातलं तो क्रम ठेवते, म्हणून आधी दोन्ही रिपोर्ट सॉर्ट करून घ्या. खरा फरक रकमांत सापडेल. पर्लला '१२०० रुपये' असं इंग्रजी आकड्यात दिसलं तर ते सुरुवातीचे बाराशे उचलतं आणि रिकामी जागा असेल तर शून्य धरतं. पायथॉन अशा ओळीवर एरर देऊन थांबतो. थांबला म्हणून त्यावर ट्राय-एक्सेप्ट (एरर आला तरी पुढे जायची सोय) टाकून गप्प बसवू नका. त्या ओळी बाजूला काढून अकाउंट्सवाल्यांना दाखवा, इतकी वर्षं कुठल्या बिलांची रक्कम शून्य धरली जात होती ते त्यांना कळलंच पाहिजे.

सर्व्हर जुना असेल तर त्यावर पायथॉन कुठला आहे तेही आधी बघून घ्या. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपलाय, त्याच्यावर नवीन काही लिहू नका.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, परीक्षेनंतर सुट्टीत प्रोग्रॅमिंग शिकायचं म्हणते. पायथॉन की जावास्क्रिप्ट? – एक पालक, नाशिक

उत्तर : तिला काय बनवावंसं वाटतं ते तिलाच विचारा. वेबपान, छोटे गेम, मैत्रिणींना लिंक पाठवून दाखवता येईल असं काही म्हणाली तर जावास्क्रिप्ट, त्याला ब्राउझर आणि नोटपॅड पुरतं. गणित, आकडे, आलेख, पुढे डेटा सायन्स असं म्हणाली तर पायथॉन. काहीच ठरत नसेल तर पायथॉन, कारण त्यात चूक झाली की तो बहुतेक वेळा थांबून कुठल्या ओळीवर अडलं ते सांगतो, जावास्क्रिप्ट बऱ्याचदा काहीतरी उत्तर काढून पुढे निघून जातं आणि एकट्याने शिकणाऱ्या मुलीला चूक नेमकी कुठे झाली ते शोधत बसावं लागतं.